अनावृत स्त्रीदेह आणि मराठी समाजदृष्टी : 'न्यूड' या चित्रपटाच्या निमित्ताने

प्रस्तावना

नोव्हेंबर २०१७ मध्ये गोवा येथे भरलेल्या ४८ व्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या 'इंडियन पॅनोरमा' विभागातून रवी जाधव दिग्दर्शित 'न्यूड' हा मराठी चित्रपट केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळला. परीक्षक मंडळाने तो रीतसर निवडला होता. किंबहुना या विभागाचा प्रारंभच त्याच्या प्रदर्शनाने व्हावयाचा होता. त्याच्याबरोबर सनलकुमार शशिधरन यांचा 'एस. दुर्गा' हा मल्याळम चित्रपटही यादीतून गेला. मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी याच्या निषेधार्थ राजीनामा दिला. पुढे प्रमाणन मंडळाने 'न्यूड'ला एकही कात्री न लावता प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले आणि २७ एप्रिल २०१८ रोजी तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. म्हणजे ज्या दृश्यांविषयी शासनाच्या एका यंत्रणेला धास्ती वाटली, त्यांत दुसऱ्या यंत्रणेला कापण्याजोगे काहीच आढळले नाही. या विसंगतीचे श्रेय केवळ नोकरशाहीच्या गोंधळाला देणे सोपे आहे. परंतु ही विसंगती मराठी समाजाच्या दृष्टीतच खोलवर रुजलेली आहे.

स्त्रीच्या अनावृत ऊर्ध्वांगाकडे मराठी समाज एकाच नजरेने कधीच पाहत आलेला नाही. लेण्यातील शिल्पात ते सौंदर्य ठरते, देवीच्या मूर्तीत ते मातृत्व ठरते, विधवेच्या बाबतीत ते शास्त्र ठरले, आदिवासी स्त्रीच्या बाबतीत ते मागासलेपण ठरले आणि एखाद्या स्त्रीने आपल्या इच्छेने वा आपल्या पोटासाठी ते स्वीकारले की ते अश्लील ठरते. यातून असे दिसते की आक्षेप उघडेपणाला नसून तो कोणाच्या आज्ञेने घडला याला आहे. हे सूत्र हाती धरून 'न्यूड'कडे आणि त्याच्या पार्श्वभूमीला असलेल्या काही मराठी संदर्भांकडे येथे पाहिले आहे.

डोंगरावरील लेणी, पायथ्याचे स्मारक

नाशिक शहराला लागून असलेल्या त्रिरश्मी डोंगरावरील लेणी सातवाहन आणि क्षहरात राजांच्या लेखांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. आपल्या दानाची नोंद स्वतःच्या नावाने दगडावर कोरविणारी ही स्त्री ज्या काळातील, त्या काळातील स्त्रीवेषाची कल्पना तत्कालीन शिल्पांवरून येते. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील दांपत्यशिल्पांत स्त्रिया कमरेच्या वर केवळ अलंकार ल्यालेल्या आहेत आणि त्यांच्या शेजारचे पुरुषही तसेच आहेत. दोघांच्या उघडेपणात शिल्पकाराने भेद केलेला नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत तर आणखी एक गोष्ट नजरेत भरते. तेथे अनेक ठिकाणी राणी अनावृत आणि तिची दासी मात्र शिवलेल्या चोळीत किंवा अंगरख्यात आहे. आजच्या संकेतानुसार 'झाकलेली ती कुलीन' असा अर्थ लावू जाणाऱ्या प्रेक्षकाची तेथे पंचाईत होते. अर्थात शिल्प आणि चित्र म्हणजे रोजच्या जीवनाचे छायाचित्र नव्हे, त्यांचे स्वतःचे संकेत असतात, हे भान ठेवावयास हवे. तरीही ज्या समाजाने देवाच्या आणि भिक्षूंच्या निवासात अशी शिल्पे बसविली, त्याला स्त्रीचे उघडे ऊर पाहताच धर्म बुडेल असे वाटत नव्हते, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

याच त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे निधन पावलेल्या फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यात अंतःपुरातील स्त्रिया हौदात जलक्रीडा करीत असल्याचे दृश्य होते. ओल्या वस्त्रांतील त्या सर्व 'स्त्रिया' पुरुष होत्या. पडद्यावर येण्यास त्या वेळी कोणतीही स्त्री तयार होईना, अगदी ज्यांचा व्यवसायच लोकांसमोर उभे राहण्याचा होता अशा स्त्रियांनीही नकार दिला आणि तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांना करावी लागली. भारतीय चित्रपटाच्या प्रारंभीच स्त्रीदेहाच्या दर्शनाची ओढ आणि प्रत्यक्ष स्त्रीची अनुपस्थिती या दोन्ही गोष्टी अशा एकत्र आल्या. प्रेक्षकाला भिजलेली स्त्री पाहावयाची होती, परंतु ती खरी स्त्री नसेल तर त्याची अब्रू शाबूत राहत होती. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी ही कोंडी फोडली. ही घटना अभिनयाच्या इतिहासाइतकीच देहाच्या इतिहासातही नोंदविण्याजोगी आहे.

चोळीचा अर्थ

मराठी भाषेत चोळी हा शब्द लज्जेपेक्षा सौभाग्याशी अधिक जोडलेला आहे. ओटी भरताना खण दिला जातो. लेकीची पाठवणी साडीचोळी देऊन होते. स्त्रीच्या निर्वाहासाठी लावून दिलेल्या उत्पन्नाला चोळीबांगडी म्हणतात. येथे चोळी म्हणजे अंग झाकण्याचे वस्त्र नसून नवऱ्याच्या असण्याची खूण आहे. म्हणूनच नवरा गेल्यावर कुंकू, बांगड्या आणि केस यांच्याबरोबर चोळीही गेली. स्कंदपुराणाच्या काशीखंडात विधवेने कंचुकी घालू नये असे सांगितले आहे आणि महाराष्ट्रातील ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या सोवळ्या विधवेने चोळीविना केवळ आलवण नेसावे, हा आचार एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही पाळला जात होता. नाशिकसारख्या क्षेत्राच्या ठिकाणी, गोदावरीच्या घाटांवर, लाल आलवणातील अशा स्त्रिया हे नित्याचे दृश्य होते. पहाटे थंड पाण्यात स्नान करून ओल्या लुगड्याचा पदर उघड्या खांद्यांवर ओढून घरी परतणारी ती स्त्री कोणाला अश्लील वाटली नाही. तिला अंतर्वस्त्र नाकारणारे शास्त्री आणि पुढे स्त्रियांच्या पोषाखाच्या सैलपणाविषयी चिंता वाहणारे संस्कृतिरक्षक हे एकाच परंपरेचे वारस होते, हे मराठी समाजसुधारणेच्या इतिहासलेखनात पुरेशा ठसठशीतपणे आलेले नाही. केशवपनावर पुष्कळ लिहिले गेले, परंतु चोळीच्या सक्तीच्या त्यागावर फारच थोडे.

या सक्तीचे दुसरे टोक दक्षिणेत दिसते. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना उच्चवर्णीयांसमोर ऊर झाकण्याचा अधिकार नव्हता. त्यासाठी त्यांना कित्येक दशके झगडावे लागले आणि १८५९ च्या राजाज्ञेने तो मिळाला तोही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घ्यावयाचे नाही या अटीवर. महाराष्ट्रातच पाहावयाचे तर गडचिरोली जिल्ह्यातील माडिया समाजात लग्नानंतर स्त्रीने चोळी न घालण्याची रूढी होती. बाहेरच्या पाहुण्यांनी तिला 'निसर्गाच्या कुशीतील निरागसता' म्हणून कॅमेऱ्यात टिपले. शाळा शिकलेल्या तेथील मुलींना मात्र ती रूढी जाचक वाटली आणि त्यांनी चोळीचा आग्रह धरला. विधवेची चोळी काढणे आणि माडिया नववधूला ती घालू न देणे यांची सामाजिक कारणे वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ करणे शास्त्रीय ठरणार नाही. परंतु दोन्हीकडे निर्णय त्या स्त्रीचा नाही. पाश्चात्त्य देशांत स्त्रियांना ऊर अनावृत ठेवण्याचा अधिकार हवा अशी मागणी होते, तेव्हा भारतीय वाचक तिच्याकडे थट्टेने पाहतो. भारतीय स्त्रीचा लढा पुष्कळदा झाकण्याच्या अधिकारासाठी झाला, हे त्याचे म्हणणे खरे आहे. परंतु दोन्ही लढ्यांतील मूळ मागणी एकच आहे हे मात्र त्याच्या ध्यानात येत नाही.

देवीच्या बाबतीतही वस्त्राचा असाच विचार करता येतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात मस्तकविहीन, विवस्त्र मातृदेवतेचा जो शोध घेतला, त्यात या नावातील विरोधाभास लख्खपणे समोर येतो. जी मूर्ती लाज जाणत नाही तिच्या नावातच उत्तरकालीन भक्तांनी लाज घातली. नाशिक जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगी देवीची कड्यात कोरलेली अठराभुजा मूर्ती रोज साडीचोळी लेऊन भक्तांसमोर येते. २०२२ मध्ये तिच्यावरील शेंदराचे शतकानुशतकांचे लेप काढण्यात आले, तेव्हा मूळ शिल्पाची रेखीव घडण पुन्हा दृष्टीस पडली. नंतरही देवी साडीतच आहे आणि त्यात गैर काहीच नाही. वस्त्र अर्पण करणे हा भक्तीचा भाग आहे. देवीला वस्त्र देणारा आणि मूळ रूपाचे दर्शन झाले म्हणून हात जोडणारा भक्त एकच असतो, ही गोष्ट मात्र अभ्यासकाने विसरू नये.

'समाजस्वास्थ्य'चे मुखपृष्ठ

विसाव्या शतकात या प्रश्नाला थेट भिडणारा मराठी विचारवंत म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३). जुलै १९२७ मध्ये त्यांनी सुरू केलेले 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. या मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. संततिनियमनाचा प्रचार समजू शकणाऱ्या सुधारकांनाही हे चित्र खटकले. कर्व्यांची भूमिका अशी की शरीर झाकल्यामुळे कुतूहल वाढते, कुतूहलातून विकृती येते आणि म्हणून नग्नतेची सवय हाच अश्लीलतेवरील उपाय होय. युरोपातील नग्नसंघांची माहितीही त्यांनी मराठी वाचकांना दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची वकिली केली. खटला हरला, परंतु लैंगिक विषयांवरील लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही हा मुद्दा त्यामुळे मराठी सार्वजनिक चर्चेत आला.

कर्व्यांच्या धैर्याविषयी आदर बाळगूनही एक प्रश्न विचारावा लागतो. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीच का? नग्नता नैसर्गिक असेल तर ती पुरुषाचीही तेवढीच नैसर्गिक. ज्या बुद्धिवाद्याने स्त्रीच्या कामसुखाचा अधिकार निर्भयपणे मांडला, त्याच्याही हाती चित्र निवडण्याची वेळ आली तेव्हा पाश्चात्त्य कलेतून आलेली पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री ही विभागणी कायम राहिली. अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले अजित दळवी यांचे 'समाजस्वास्थ्य' (२०१७) हे नाटक कर्व्यांना न्यायालयात उभे करते. अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' (२००१) त्यांच्या व मालतीबाईंच्या सहजीवनाकडे वळतो. या दोन्ही कलाकृती महत्त्वाच्या आहेत. तथापि मुखपृष्ठावरील त्या स्त्रीच्या बाजूने पाहणारी कलाकृती मराठीत यावयाची होती, आणि 'न्यूड'चे खरे स्थान येथे आहे.

'न्यूड' : काम करणारा देह

नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाला आणि मारहाणीला कंटाळून यमुना (कल्याणी मुळे) लहानग्या मुलाला घेऊन गावातून मुंबईला आपल्या चंद्राक्काकडे (छाया कदम) येते. चंद्राक्का कलामहाविद्यालयात नोकरी करते एवढेच वस्तीला ठाऊक असते. ती विद्यार्थ्यांसमोर विवस्त्र बसते हे यमुनेला चोरून पाहिल्यावर कळते. प्रथम किळस, मग पैशाची निकड, मग संकोच आणि अखेर कामाची सवय या क्रमाने यमुनाही त्याच ओट्यावर येऊन बसते. सर जे. जे. कलाशाळेत (स्थापना १८५७) जिवंत नग्न देहावरून अभ्यास करण्याची पद्धत ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९२० च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे शंभर वर्षे मुंबईतील गरीब घरांतील स्त्रिया हे काम करीत आल्या आणि त्यांची नावे कोणत्याही चित्राखाली आली नाहीत. सचिन कुंडलकर यांच्या पटकथेने या अनामिक श्रमाला कथेच्या केंद्रस्थानी आणले, हे या चित्रपटाचे सर्वांत मोठे यश होय.

चित्रपटातील वर्गखोलीची दृश्ये विशेष विचारपूर्वक रचलेली आहेत. तेथे देह हलत नाही, मुंग्या येतात, थंडी वाजते, वेळ मोजली जाते आणि शेवटी रोजाचे पैसे हातात पडतात. धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीचे हात जसे विकले जातात तसाच येथे स्थिर बसण्याचा श्रम विकला जातो. उघडे शरीर कॅमेरा सावलीत, पाठमोरे, तुकड्यातुकड्यांनी दाखवितो. काही समीक्षकांना यात संयम दिसला, तो आहेच. परंतु याच संयमामुळे एक अडचणही निर्माण होते. देहाविषयीची भीती घालविण्यासाठी निघालेला चित्रपट स्वतः तो देह बिचकत बिचकत दाखवितो. विद्यार्थ्यांच्या कागदावर यमुना संपूर्ण आहे, प्रेक्षकाच्या वाट्याला मात्र ती अर्धीच येते. प्रमाणन मंडळाला कापण्याजोगे काही आढळले नाही याचे एक कारण हेही असू शकेल की दिग्दर्शकाने कात्री आधीच स्वतःच्या हाती घेतली होती.

याहून गंभीर आक्षेप नैतिक समर्थनाविषयी आहे. यमुना हे काम करते ते मुलाच्या शिक्षणासाठी. तिच्या उघडे होण्यामागे आईपणाची ढाल सतत उभी केलेली आहे. मुलाला तिचे काम कळू नये म्हणून ती झटते आणि मुलाच्या नजरेतील तिरस्कारातच तिची शोकांतिका घडते. मराठी प्रेक्षकाला रडविण्याचे हे हुकमी साधन आहे, आणि दिग्दर्शकाने ते वापरावे यात नवल नाही. पण त्यामुळे मूळ प्रश्न बाजूला पडतो. मूल नसलेल्या, पैशाची अत्यंत निकड नसलेल्या, केवळ हे काम आवडते म्हणून करणाऱ्या स्त्रीला हा चित्रपट सहानुभूती देऊ शकला असता काय? चंद्राक्काच्या पात्रात ती शक्यता होती. तिची रोखठोक भाषा, कामाविषयीचा तिचा रुक्ष अभिमान आणि छाया कदम यांनी त्यात भरलेला सहजपणा पाहता नायिका तीच व्हावयास हवी होती असे वाटल्यावाचून राहत नाही. मलिकसाहेब (नसिरुद्दीन शाह) या थोर चित्रकाराच्या तोंडून नग्नतेचे तत्त्वज्ञान ऐकविले जाते, तेव्हा तर स्त्रीच्या देहाला पावित्र्याचा दाखला देण्याचे काम पुन्हा एका पुरुषाकडेच जाते. हे पात्र मकबूल फिदा हुसेन यांच्यावर बेतलेले आहे हे उघड आहे. १९९६ पासून हुसेन यांच्या देवतांच्या रेखाटनांवरून जे वादळ उठले त्याची आठवण चित्रपटातील कलाशाळेवरील हल्ल्याच्या प्रसंगातही आहे. परंतु हल्ला चित्रांवर होतो. ज्या स्त्रियांवरून ती चित्रे काढली त्यांचे काय झाले हे हल्लेखोरांना विचारावेसे वाटत नाही आणि निषेध करणाऱ्यांनाही नाही. चित्रपटाने हे दाखविले आहे, आणि तेथे तो आपल्या भावुकतेच्या पलीकडे जातो.

कायद्याची नजर

मुंबईच्या न्यायालयांनी या विषयात समाजापेक्षा अनेकदा अधिक समंजसपणा दाखविला. १९५४ मध्ये जहांगीर कलादालनातील अकबर पदमसी यांच्या 'लव्हर्स' या मालिकेतील चित्रांत पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर आहे म्हणून पोलिसांनी आक्षेप घेतला. चित्रे काढून घेण्यास पदमसी यांनी नकार दिला, खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच पदमसी यांची आणि फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची नग्न रेखाटने सीमाशुल्क विभागाने अश्लील म्हणून जप्त केली असता मुंबई उच्च न्यायालयाने ती जप्ती रद्द केली. दरम्यान २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवीक सरकार खटल्यात हिक्लिनची जुनी इंग्रजी कसोटी सोडून समकालीन समाजमानसाची कसोटी स्वीकारली आणि जून २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने स्त्रीचे अनावृत ऊर्ध्वांग स्वतःहून अश्लील ठरत नाही असे म्हटले.

हे निर्णय स्वागतार्ह असले तरी पदमसी, सूझा आणि अवीक सरकार या प्रकरणांत बचाव चित्राचा वा छायाचित्राचा आहे. रस्त्यावरील स्त्रीचा नाही. १९९५ मध्ये मधु सप्रे व मिलिंद सोमण यांच्या बुटांच्या जाहिरातीवर मुंबईत गुन्हा दाखल झाला, त्याचा निकाल लागावयास २००९ उजाडले. दोघेही सुटले, परंतु मधल्या चौदा वर्षांत त्या जाहिरातीविषयी जी चर्चा झाली तिच्यात दोन देहांना सारखे माप लावले गेले असे म्हणणे धाडसाचे होईल. सार्वजनिक असभ्यतेची कलमे शब्दशः लिंगनिरपेक्ष आहेत. घाटावर पंचा गुंडाळून उघड्या अंगाने बसलेला पुरुष त्यांच्या कक्षेत येत नाही, यासाठी कायद्यात वेगळा अपवाद लिहावा लागलेला नाही.

कुंभाचा घाट

नाशिकच्या वाचकासाठी हा प्रश्न दर बारा वर्षांनी प्रत्यक्ष होतो. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर शैव आखाड्यांचे नागा साधू निर्वस्त्र स्नानाला येतात. त्यांच्या दर्शनासाठी लाखोंची गर्दी होते, त्यांत स्त्रिया व मुले असतात आणि वृत्तपत्रे पहिल्या पानावर छायाचित्रे छापतात. येथे नग्नता ही वैराग्याची परिसीमा मानली जाते. नागा संन्यासिनीही असतात, त्यांची दीक्षाही तितकीच कठोर असते. परंतु त्यांनी न शिवलेले एक भगवे वस्त्र अंगावर ठेवावयाचे असते. वैराग्याने देहभाव संपतो हे तत्त्व खरे मानले तर संन्यासिनीच्या बाबतीत तो संपत नाही असे मानावे लागते, किंवा पाहणाऱ्याचा संपत नाही असे कबूल करावे लागते. दुसरी शक्यता अधिक प्रामाणिक आहे. २०१५ च्या नाशिक सिंहस्थात परी आखाड्याच्या त्रिकाल भवंता यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र शाहीस्नानाची मागणी केली, तीही मान्य झाली नाही.

सामान्य भाविक स्त्रीची स्थिती याहून बिकट आहे. रामकुंडावर लुगड्यासकट बुडी मारून, पदराआड, क्षणभरही अंग न दिसू देता ओले वस्त्र बदलण्याचे जे कौशल्य आयाबायांनी पिढ्यान्पिढ्या कमावले, ते ज्या काळी पाहणारे डोळे घाटावरच्या माणसांचेच होते त्या काळचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात स्नान करणाऱ्या व वस्त्रे बदलणाऱ्या स्त्रियांची चोरून केलेली चित्रणे समाजमाध्यमांवर टाकली व विकली गेल्यावरून उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे नोंदविले. घाट तोच आणि पाणी तेच असूनही नागा साधूचे छायाचित्र श्रद्धेने भिंतीवर लागते आणि भिजलेल्या स्त्रीचे मोबाइलवर पैसे देऊन पाहिले जाते. 'राजा हरिश्चंद्र'मधील हौदाच्या दृश्यात निदान पाहिले जाणारे नट आपण पाहिले जात आहोत हे जाणून होते. २०२७ च्या सिंहस्थस्नानांसाठी घाटांची लांबी वाढविण्याच्या चर्चेबरोबर प्रत्येक घाटावर स्त्रियांसाठी भिंती असलेली, छप्पर असलेली आणि पुरेशा संख्येची वस्त्रांतरगृहे किती बांधली जातात, त्यांच्या परिसरात चित्रण करणाऱ्यांवर कोणती कारवाई होते आणि त्या व्यवस्थेच्या समितीत स्त्रिया किती असतात, हे नाशिकच्या नागरिकांनी आणि येथील महाविद्यालयांतील समाजशास्त्र विभागांनी नोंदवून ठेवावयास हवे.